बॅरेक चारची टोटल

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, माझी हरकत नाही. पण मनाने रचलेली म्हणू नका. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामा आहेत. अजून हयात आहेत, आणि 'लिही' असं त्यांनीच मला सांगितलंय.

जेलचं नाव लिहिणार नाही. खाडीकाठचं एक जेल, एवढं पुरे. बाकी काही लपवत नाही.

तारीख गेल्या वर्षीची वीस एप्रिल. शनिवार. संध्याकाळचे साडेपाच. जागा नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवरची, भांडुपच्या अंगाची एक सात मजली सोसायटी. म्हणजे लख्ख उजेड होता. आवारात पोरं क्रिकेट खेळत होती आणि वॉचमन त्यांच्यावर खेकसत होता. अमावास्या, पिंपळ, रडणारी कुत्री, असलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, माणूस निदान सावध राहतो.

मामांचं नाव अंबादास. जेलमध्ये शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी अंगातलं जेल काही गेलेलं नाही. दारातल्या चपला मोजतात. लग्नात पंगत मोजतात. लिफ्टमध्ये शिरले की डोकी मोजतात. तेही एक, दोन, तीन असं नाही, तर जोड्यांनी. दोन, चार, सहा. आम्ही भाचरं लहानपणी मुद्दाम जागा बदलून त्यांचा घोळ करायचो. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

ही सवय कुठून आली ते आधी सांगतो. सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

जेलमध्ये संध्याकाळी साडेपाचला बंदी होते. बंदी म्हणजे कैद्यांना बॅरेकमध्ये घालून बाहेरून कुलूप. त्याआधी कैदी दोन-दोनच्या जोडीने उकिडवे बसतात आणि हवालदार जोड्या मोजत पुढे सरकतो. याला म्हणतात टोटल. आकडा जुळला की हवालदार ओरडतो, "बराबर." सगळ्या बॅरेकची टोटल जुळल्याशिवाय ड्युटीवरचा एकही माणूस घरी जाऊ शकत नाही.

आता घाईच्या दिवशी काय व्हायचं? दोन-चार कैदी कुठे कामाला गेलेले असायचे. कोणी भटारखान्यात, कोणी झाडू मारायला. ते येतच असायचे. मग हवालदार आकडा आधी लिहून टाकायचा आणि माणसं मागून आत घ्यायचा. सगळेच करायचे. त्यात कोणाला काही वाटत नसे.

मामांनीही तेच केलं. एकदाच नाही, शंभर वेळा केलं असेल.

त्यातली एक वेळ त्यांना नडली.

नोव्हेंबर १९९६. दिवाळी होऊन गेल्यावरचा एक शुक्रवार. त्या संध्याकाळी बॅरेक नंबर चारची टोटल मामांनी लिहिली. पासष्ट. बराबर. बाहेरून कुलूप लागलं. सकाळी बॅरेक उघडली तर आत बासष्ट.

कुलूप शाबूत. गज शाबूत. छत, भिंत, फरशी, कशाला ओरखडा नाही.

तीन माणसं हवेत विरली होती.

तुमच्यापैकी जुन्या लोकांनी असल्या बातम्या वाचल्या असतील. पेपरवाल्यांना तर महिनाभराचं खाद्य मिळालं. कोणी म्हणालं डुप्लिकेट चावी, कोणी म्हणालं दुबईला गेले, एकाने तर अंगात मंत्रविद्या होती म्हणून छापलं. चौकशी झाली. चारमधले बाकीचे कैदी गळा काढून सांगत होते की ते तिघे काल संध्याकाळी आत आलेच नव्हते. पण कैद्याचं कोण ऐकतो? वहीत पासष्ट लिहिलेलं होतं, खाली हवालदाराची सही होती. फरार्‍यांना सामील म्हणून उलट त्यांनाच मार बसला.

तिघे आजवर सापडलेले नाहीत.

त्या तिघांत एक राजेश नावाचा मुलगा होता. चोवीस वर्षांचा, घाटकोपरचा, मूळ मालवणकडचा. बाप गिरणीत होता, तो गेलेला. राजेशवर हाणामारीची साधी केस होती. दोन महिन्यांत तो तसाही सुटला असता. त्याची आई जानकी जेलच्या गेटवर येऊन बसायची आणि रडायची. सगळे तिला हाकलायचे. एके दिवशी मामा तिच्याजवळ गेले.

"रडू नका, आई. तुमचा मुलगा सुटला. कुठंतरी सुखात असेल. पण कुणाला बोलू नका. तो परत आला तर धरतील त्याला."

बाई रडायची थांबली. तिने मामांचे पाय धरले.

त्यानंतर दरवर्षी नोव्हेंबरमध्ये ती मामांकडे यायची. आधी जेलच्या क्वार्टरवर, मग नाहूरला. हातात खटखट्या लाडवांचा डबा. चहा प्यायची, "माझो झील बरो आसतलो ना रे?" एवढंच विचारायची आणि जायची. मामा म्हणायचे, "बराच असणार." ते लाडू मामांनी कधी खाल्लेले मी पाहिले नाहीत. मालनमामी ते शेजारीपाजारी वाटून टाकायच्या. मला वाटायचं, मामांना गोड चालत नाही.

आता गेल्या वर्षीच्या एप्रिलकडे येतो.

एक तारखेला दोन मुलं कॅमेरा घेऊन मामांकडे आली. गूढ घटनांवर व्हिडिओ करतात. त्यातली शर्मिष्ठा नावाची मुलगी माइक लावता लावता म्हणाली, "काका, त्या रात्रीचे तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही लेजंड आहात, माहितीये?"

मामा नुसते हसले.

"त्या संध्याकाळी टोटल तुम्हीच घेतली होती ना?"

"हो."

"किती?"

मामांनी कॅमेर्‍याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चौकशी अधिकार्‍यांना सांगितलं होतं तेच सांगितलं. "पासष्ट. बराबर."

ठक.

ठक.

ठक…

आवाज न्हाणीघरातून आला. पाण्याच्या पाइपातून.

"टाकीत पाणी चढतंय," मालनमामी आतून म्हणाल्या. शर्मिष्ठाने तो भाग पुन्हा रेकॉर्ड केला. मामांनी पुन्हा सांगितलं, पासष्ट. घड्याळात साडेपाच वाजले होते.

दुसर्‍या दिवशी साडेपाचला तीन ठोके.

तिसर्‍या दिवशी साडेपाचला तीन ठोके.

मामांनी प्लंबर बोलावला. त्याने वॉशर बदलला, मामांना पटेल असं काहीतरी सांगितलं आणि गेला. त्या संध्याकाळी ठोके बेसिनखालच्या पाइपातून आले. नवीन वॉशरच्या अगदी मागून. मामींना मात्र आता ऐकूच येईना. त्या मामांना म्हणाल्या, "अहो, कान दाखवून या एकदा." मामा कान दाखवून आले. कान उत्तम होते.

चौदा एप्रिलला जयंतीचं जेवण होतं, विहाराच्या हॉलमध्ये. पंगत बसवायचं काम दरवर्षी मामांकडेच असतं. पहिली पंगत बसली तशी ते सवयीने मोजत निघाले. दोन, चार, सहा. शेवटच्या ओळीपर्यंत आले.

बासष्ट.

वाढणार्‍या पोराने येऊन सांगितलं, "काका, पासष्ट ताटं वाढलीत. अजून आणू?"

"बासष्ट माणसं आहेत रे."

"पासष्ट लागली. मी स्वतः ठेवलीत."

मामा शेवटच्या ओळीच्या टोकाला गेले. तिथे तीन ताटं होती. दोन शेजारी शेजारी, एक जरा मागे. भात, वरण, बुंदी, सगळं वाढलेलं. कोणी शिवलेलं नव्हतं. समोरच्या सतरंजीवर तीन ठिकाणी ओल होती… माणूस उकिडवा बसला तर जेवढी जागा लागते, तेवढीच.

मामांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

आणि मग वीस एप्रिल.

सोसायटीची जमिनीखालची टाकी साफ करायची होती. सेक्रेटरी अनिरुद्ध गावी गेला होता. जाताना त्याने परस्पर मामांचं नाव देऊन टाकलं, म्हणे तुमच्याइतकं कडक कोण आहे. मामांनी फोनवर नाही म्हणायचा प्रयत्न केला. कारण विचारलं तर देता येईना.

दुपारी कॉन्ट्रॅक्टरची माणसं आली.

तीन होती.

मामा खुर्ची टाकून टाकीच्या तोंडाशी बसले आणि बाजूला काढलेल्या झाकणावर पाय देऊन ठेवला. दर पाच मिनिटांनी आत ओरडायचे, "आहात ना रे?" आतून उत्तर यायचं, "हाँ, चाचा." सहाव्या वेळी ती पोरं वैतागली. मामांना पर्वा नव्हती. सव्वापाचला तिघे शिडीवरून वर आले. मामांनी मोजले. दोन, आणि एक सुटा. तीन. पुन्हा मोजले. पोरं हातपाय धुऊन, सही घेऊन टेम्पोत बसून गेली. टेम्पोतही मामांनी मोजून पाहिले.

वॉचमनने झाकण लोटलं.

साडेपाच वाजले.

ठक.

ठक.

ठक…

झाकणाच्या खालून.

या वेळी वॉचमनलाही ऐकू आलं. तो गर्रकन वळला. "काका, आत कोण राहिलं काय?"

मामांचं तोंड आपोआप उघडलं. "कोणी नाही. सब ठीक."

हे शब्द बाहेर पडले आणि मामा मटकन खुर्चीत बसले. हेच दोन शब्द त्यांनी याआधी एकदा, असल्याच एका झाकणाजवळ उभं राहून म्हटले होते.

आता ते सांगायला हवं. आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी जेलची तपासणी होती. मोठे साहेब येणार होते. मागच्या अंगाला खाडीत सुटणारं एक जुनं गटार होतं, ते तुंबलेलं. कैद्यांना गटारात उतरवणं नियमात बसत नव्हतं, म्हणून कुठे नोंद न करता मामांनी चारमधली तीन पोरं घेतली आणि खाली उतरवली. पाचच्या सुमाराला निरोप आला, साहेब राउंडला निघालेत, याच बाजूला येतायत. उघडं गटार आणि आत कैदी पाहिले असते तर मामांची नोकरी गेली असती. मामांनी आत वाकून सांगितलं, "चूप बसा. पाच मिनिटांत उघडतो."

"होय साहेब," आतून राजेश म्हणाला. "पण लवकर उघडा हां. भरती लागलीय."

ते झाकण बिडाचं होतं, बिजागरीवर बसवलेलं. पाडायला एक माणूस पुरायचा, उचलायला दोघं लागायचे.

मामांनी पाडलं.

साहेब आले आणि मामांना बरोबर घेऊन पुढे निघाले. तोवर बंदीची वेळ झाली. मामांनी चारमध्ये जोड्या मोजल्या, माणसं बासष्ट भरली. वहीत पासष्ट लिहिलं. माणसं मागून आत घ्यायची, नेहमीसारखं. साहेबांनी पुन्हा बोलावलं. जेलचा हा विभाग, तो विभाग, भटारखाना. सुटका झाली तेव्हा सव्वासात झाले होते.

मामा धावत मागच्या अंगाला गेले.

झाकणाखालून ठोके येत होते. तीन. मग थांबून तीन. खाली पाण्याचा आवाज होता.

मामांनी एकट्याने उचलायचा प्रयत्न केला. हललं नाही. तेवढ्यात पहार्‍यावरचा शिपाई बॅटरी घेऊन आला. "कोण? हवालदारसाहेब? काय झालं?"

दुसरा माणूस आला होता. 'हात लाव,' एवढंच म्हणायचं होतं.

पण वहीत पासष्ट लिहिलं होतं. खाली सही होती. साहेब अजून ऑफिसात बसले होते. घरी मालन होती, सहा वर्षांची मुलगी दर्शना होती. मामांच्या डोळ्यांपुढून हे सगळं गेलं, आणि त्यांनी त्या झाकणावर पाय देऊन म्हटलं, "काही नाही. सब ठीक."

शिपाई पुढे गेला. मामांना वाटलं, हा लांब गेला की कोणा विश्वासातल्याला आणू. दहा मिनिटांनी ते परत आले.

ठोके थांबले होते.

आठवडाभरात जेलच्या सुरक्षेसाठी म्हणून ते तोंड काँक्रीटने बुजवलं. देखरेखीला मामाच उभे होते. फरारी तर कुलूपबंद बॅरेकमधून झालेली, मग गटारात कोण बघणार?

हे सगळं त्या खुर्चीत बसून मामांच्या मनातून गेलं. मग ते उठले. वॉचमन नको नको म्हणत असताना त्यांनी झाकण ओढलं आणि अडुसष्टाव्या वर्षी शिडीने टाकीत उतरले.

टाकी रिकामी होती. नुकतीच घासून, धुऊन, ब्लीचिंग टाकून लख्ख केलेली. मामांनी मोबाइलचा उजेड पाडला.

कोपर्‍यात चिखल होता.

काळा, दाट, खाडीचा. नाहूरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीत. मामांनी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट होतं.

वॉचमनने आरडाओरडा करून मामींना खाली बोलावलं, मामींनी मला मुलुंडहून बोलावलं. मी पोचलो तेव्हा मामा घरी सोफ्यावर बसले होते, हात काळे, पायजमा भिजलेला. त्यांनी आम्हा दोघांना सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, रडलेही नाहीत. मामी ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आणि ते लाडू मी वाटत होते." उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "मला उद्या घाटकोपरला ने."

"मामा, आता त्या म्हातारीला सांगून काय मिळणार? चौर्‍याऐंशी वर्षांची आहे. मुलगा जिवंत आहे या आशेवर जगतेय. ती आशा काढून घ्यायची?"

"मीच दिलेली आहे ना रे ती. खोटी आहे." मग म्हणाले, "तिला तिच्या मुलाचं काही करायचं असेल. पाणी सोडायचं असेल. मी तेही करू दिलं नाही."



रविवारी संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून घाटकोपरच्या भटवाडीत नेलं. टेकडीवरची चाळ, चढ, शेवटची खोली. दाराला आतून कडी होती. मामांनी हाक मारली तेव्हा म्हातारीने आधी खिडकीतून पाहिलं, मग उघडलं. आम्ही आत आल्याबरोबर कडी पुन्हा लावली.

"नोव्हेंबर नाय काय नाय, आज कशी वाट चुकलंस?" ती हसत होती. "बस. च्याय टाकतंय."

"चहा नको, आई. बसा तुम्ही. मला बोलायचंय."

"थांब वायच." तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेपाचला दोन मिनिटं कमी होती. "आता तेची वेळ झाली."

"कोणाची?"

"झिलाची. रोज येता. तुका म्हणान सांगतंय, दुसर्‍या कोणाक सांगूक नाय."

 मामा पुढे सरकले.

"येता म्हणजे? तुम्ही बघता त्याला?"

"छे. मी दार उघडूक नाय कधी. तूच सांगितलंस ना, परत इलो तर धरतले म्हणान? पोलीस बघीत असतले. म्हणान मी आतसूनच सांगतंय तेका." ती दाराकडे तोंड करून बसली. "अठ्ठावीस वर्सां झाली. एक दीस चुकूक नाय."

ठक.

ठक.

ठक…

मीही ऐकलं. दारावरचे ठोके. हळू, दमलेल्या माणसाने मारावेत तसे. खिडकीतून चाळीचा चौक दिसत होता. उजेड होता, बायका कपडे काढत होत्या. आमच्या दाराकडे कोणी पाहतही नव्हतं.

म्हातारी दाराजवळ गेली. मायेने फळीवर हात ठेवला. "पळ रे झिला," ती म्हणाली. "हंय थांबू नको. लांब जा."

मामांच्या तोंडून एक आवाज आला. तसला आवाज मी माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. ते खाली बसले, म्हातारीच्या पायाशी, आणि बोलायला लागले. गटार, साहेब, झाकण, वही, शिपाई. सगळं.

"तो पळाला नव्हता, आई. मी त्याला आत कोंडलं. त्याने ठोठावलं, मी ऐकलं, आणि मी म्हणालो सब ठीक."

म्हातारीचा हात फळीवर तसाच होता. तिला कळलं की नाही, असं मला वाटायला लागलं.

मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तो माझ्या दारात इलो. रोज इलो. आणि मी तेका हाकललंय."



ठक.

ठक.

ठक…

"उघड," ती मामांना म्हणाली. "तू लावलंस ना? तूच उघड."

मामा उठले. कडी दोनदा हातातून सुटली. तिसर्‍यांदा निघाली. दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

उंबर्‍यापाशी लादी ओली होती. मी पाहत असतानाच ओल उंबर्‍याच्या आत आली. पावलं उमटत होती… काळी, चिखलाची, अनवाणी. दोन शेजारी शेजारी, एक जरा मागे. खाडीचा वास खोलीभर झाला.

मामांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

"येवा रे पोरांनो," म्हातारी म्हणाली. "बसा. कितके भिजलास." तिने खांद्यावरचा पदर काढून हवेत कोणाचं तरी डोकं पुसल्यासारखं केलं. मग आमच्याकडे वळली. तोंडावर राग नव्हता. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"तू भायर रव," ती मामांना म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

आत गेलेली पावलं मी पाहिली आहेत. बाहेर आलेली पाहिली नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. मामांनी लेखी कबुली दिली. पोलीस स्टेशनला एक प्रत, जेलच्या ऑफिसला एक. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. ड्युटीवरच्या साहेबाने कागद वाचला, मामांना पाणी दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वय झालंय, जपा त्यांना." त्या गटारावर आता नवीन इमारत उभी आहे. ती खणायची कोणाची तयारी नाही. वर्ष होऊन गेलं, उत्तर आलेलं नाही. मामी मामांशी कामापुरतं बोलतात.

पाइपातले ठोके बंद झाले. आता एप्रिलच काय, बारा महिने नाहूरच्या घरात साडेपाच शांत असतात.

कारण साडेपाचला मामा घरी नसतात.

ते रोज भटवाडीत जातात. त्या दारासमोर उकिडवे बसतात, कैदी टोटलला बसतो तसे, आणि दार तीनदा ठोठावतात. म्हातारी उघडत नाही. शेजारची जान्हवी तिला रोज जेवणाचा डबा देते. ती सांगते, पूर्वी आजींना एका माणसाचं पुरायचं, हल्ली चौघांचं मागतात आणि डबे चाटून पुसून परत येतात.

गेल्या आठवड्यात मामांना ताप होता, तरी हट्ट करून निघाले, म्हणून मी बरोबर गेलो. साडेपाच वाजले. त्यांनी ठोठावलं. तीन वेळा.

"आई, उघडा," ते म्हणाले. "माझं चुकलं."

जान्हवी पायरीवरच उभी होती. ती माझ्या कानात पुटपुटली, "आजी आज सकाळपासून माझ्या घरी झोपल्यात. बरं नाहीये त्यांना. खोली रिकामी आहे. कुलूप मीच लावलंय."

तेव्हा मी वर पाहिलं. दाराला बाहेरून कुलूप होतं.

आणि त्या कुलूपबंद दाराच्या आतून, अगदी फळीला तोंड लावून, एका तरण्या माणसाचा आवाज आला…

"काही नाही. सब ठीक."

मामा उठले, मान हलवली आणि चढ उतरायला लागले. उद्या पुन्हा यायचं म्हणाले.

मी आधी लिहायला नको म्हणत होतो. मला वाटलं होतं, लोक म्हणतील, हे सगळं मामांच्या मनाचं आहे. आता तसं म्हणता येत नाही. तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, आणि माझे कान उत्तम आहेत.